भिंतीवरची सही, लिलावातली बोली

२८ फेब्रुवारी १९७४. पिकासोचं 'गेर्निका' तेव्हा न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये होतं. टोनी शाफ्राझी नावाचा इराणमध्ये जन्मलेला तरुण चित्रकार दालनात शिरला, त्याने लाल रंगाचा स्प्रे बाहेर काढला आणि त्या जगप्रसिद्ध चित्रावर फूटभर उंचीच्या अक्षरांत लिहिलं, 'किल लाइज ऑल'. पहारेकऱ्यांनी धरलं तेव्हा तो ओरडत होता की क्युरेटरला बोलवा, मी कलावंत आहे. चित्रावर वार्निशचा जाड थर होता, म्हणून रंग पुसला गेला आणि 'गेर्निका' वाचलं. शाफ्राझी प्रोबेशनवर सुटला.

त्याच काळात, त्याच शहराच्या उत्तरेला ब्रॉन्क्समध्ये आणि पूर्व नदीपलीकडे ब्रुकलिनमध्ये, शेकडो पोरं रोज रात्री असेच स्प्रेचे डबे घेऊन घराबाहेर पडत होती. त्यांतली बहुतेक बारा ते अठरा वयाची. कुणी कृष्णवर्णीय, कुणी पोर्तो रिकोहून आलेल्या घरांतली, काही गोरी. पोलिसांनी धरलं तर क्युरेटरला बोलवा म्हणण्याची त्यांना सोय नव्हती. या पोरांनी पुढच्या पंधरा वर्षांत एक नवी चित्रशैली घडवली. शहराने ती पुसायला अमाप पैसा ओतला आणि बाजाराने तिच्यातला विकता येईल तेवढाच भाग उचलला. ती कला होती की नासधूस, हा वाद अजून मिटलेला नाही. पण त्या वादाचा निवाडा कोण करत होतं, हे पाहिलं की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

नाव आणि रस्त्याचा नंबर

सुरुवात अगदी साधी होती. १९६०च्या दशकाच्या अखेरीस फिलाडेल्फियात 'कॉर्नब्रेड' नावाने सह्या करत सुटलेला एक मुलगा गाजला होता. न्यूयॉर्कमध्ये वरच्या मॅनहॅटनच्या गल्ल्यांत 'हुलिओ २०४' ही सही दिसू लागली. २०४ हा त्याच्या रस्त्याचा नंबर. ती पाहून १८३व्या रस्त्यावर राहणाऱ्या एका ग्रीक घरातल्या मुलाने 'टाकी १८३' लिहायला घेतलं. हुलिओ आपल्या गल्लीपुरता राहिला. टाकी मात्र निरोप्याचं काम करायचा, कागदपत्रं पोचवत शहरभर हिंडायचा आणि जाईल तिथे जाड मार्करने नाव लिहायचा. २१ जुलै १९७१ रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने त्याच्यावर बातमी छापली. काहीही न विकता, काहीही न जिंकता, नुसतं नाव लिहून एक मुलगा पेपरात आला होता. त्यानंतर शहरातल्या पोरांना थांबवणं कुणाच्या हातात राहिलं नाही.

हजारो नावं झाली तशी एकट्याचं नाव दिसेनासं झालं. मग अक्षरं मोठी होऊ लागली. १९७२च्या सुमारास 'सुपर कूल २२३' या मुलाने घरगुती वापराच्या दुसऱ्या एका डब्याचं रुंद तोंडाचं बूच रंगाच्या डब्याला बसवलं. बारीक रेघेऐवजी पंज्याएवढा जाड फवारा उडाला आणि मोठ्या अक्षरांत रंग भरणं शक्य झालं. 'फेज टू'ने फुग्यासारखी गोलमटोल अक्षरं काढली. कुणी अक्षरांना बाण फोडले, कुणी ती एकमेकांत इतकी गुंतवली की बाहेरच्याला वाचताच येऊ नयेत. दोन-तीन वर्षांत सहीचं चित्र झालं. साध्या सहीला 'टॅग' आणि भरगच्च रंगीत कामाला 'पीस' म्हणायचे. करणारे स्वतःला चित्रकार न म्हणता 'रायटर' म्हणवून घेत.

भिंती सोडून ही पोरं भुयारी रेल्वेकडे वळली, याला साधं कारण होतं. भिंत जागची हलत नाही. गाडी मात्र ब्रॉन्क्समधून निघून मॅनहॅटन पार करते आणि ब्रुकलिनच्या टोकाला जाते. ज्या मुलांना शहराच्या त्या भागात कुणी ओळखत नव्हतं, त्यांचं नाव रोज तिथे जाऊन परत येत होतं.

बाकावरचे परीक्षक

ब्रॉन्क्समधल्या १४९वा रस्ता आणि ग्रँड कॉनकोर्स इथल्या स्टेशनात एक बाक होता. शाळा सुटली की रायटर तिथे जमत. २ आणि ५ नंबरच्या गाड्या समोरून जात, आणि कुस्तीच्या फडाभोवती बसलेल्या जुन्या मल्लांसारखी ही पोरं एकेका डब्यावर निकाल देत. रेघ थरथरली का, रंग ओघळला का, अक्षराचा तोल सावरला का, ही ढब कुणाकडून उचलली. चोरलेल्या शैलीला तिथे माफी नव्हती. नवशिक्याला 'टॉय' म्हणत आणि त्याचं काम बेधडक झाकून टाकत. एखाद्या मार्गावर सर्वत्र ज्याचं नाव, तो त्या मार्गाचा 'किंग'. जवळ काळ्या पुठ्ठ्याची वही असे. तिच्यात आराखडे काढायचे, मोठ्यांकडून सह्या घ्यायच्या, शिकायचं. शाळा, गुरू, स्पर्धा, परीक्षण, सगळं होतं. पैसा तेवढा नव्हता. उलट रंगाचे डबे बहुतेकदा दुकानांतून लंपास केलेले असत, हेही सांगितलं पाहिजे.

शहराची बाजूही पोकळ नव्हती. १९७५मध्ये न्यूयॉर्क दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आलं होतं. ब्रॉन्क्समध्ये इमारतीमागून इमारत जळत होती. विम्याच्या पैशासाठी मालकच आगी लावतात, हे उघड गुपित होतं. गाड्या बंद पडत, डब्यांत लूटमार होई. सकाळी कामाला निघालेल्या माणसाला खिडकीतून स्टेशनचं नाव दिसत नसे, कारण काचही रंगवलेली. त्याच्या दृष्टीने त्या रंगांचा अर्थ एवढाच होता की इथे कुणाचा कुणाला धाक राहिलेला नाही. महापौर जॉन लिंडसे यांनी १९७२मध्येच कायदा करून घेतला होता. सार्वजनिक इमारतीत उघडा स्प्रेचा डबा बाळगणं हाही गुन्हा ठरला.

आणि नेमक्या याच वेळी कलाजगताने पहिल्यांदा दार किलकिलं केलं. ह्यूगो मार्टिनेझ या समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने १९७२मध्ये काही रायटर एकत्र करून 'युनायटेड ग्राफिटी आर्टिस्ट्स' ही संघटना उभारली. १९७३मध्ये सोहो भागातल्या रेझर गॅलरीत त्यांच्या कॅनव्हासचं प्रदर्शन झालं. त्याच वर्षी ट्वायला थार्प यांच्या 'ड्यूस कूप' या बॅलेत रायटर मंचावर उभे राहून, नाच चालू असताना मागचा पडदा रंगवत. १९७४मध्ये नॉर्मन मेलरसारख्या बड्या लेखकाने त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. पण हे कौतुक फार टिकलं नाही. बातम्या संपल्या, गिऱ्हाइकं फिरकली नाहीत आणि पोरं पुन्हा रेल्वेच्या यार्डात गेली. त्यांचं खरं काम तर यानंतर झालं.

एका रात्रीतला डबा

ब्रुकलिनच्या डॉन्डी व्हाइट या रायटरचं १९८०चं काम पाहावं. 'चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह' नावाने त्याने तीन अख्खे डबे रंगवले. तिसऱ्याच्या वेळी मार्था कूपर ही छायाचित्रकार न्यू लॉट्सच्या यार्डात त्याच्याबरोबर होती, म्हणून ती रात्र फोटोंत नोंदली गेली. डबा सुमारे पंधरा मीटर लांब आणि माणसाच्या दुप्पट उंच. दोन गाड्यांच्या मधली जागा इतकी चिंचोळी की मागे सरकून चित्र पाहताच येत नाही. एक पाय या गाडीवर, दुसरा समोरच्या गाडीवर रोवून, दोन गाड्यांच्या मध्ये लटकत वरच्या कडेपर्यंत पोचायचं. आधी फिक्या रंगाने आराखडा, मग आतला रंग, मग छटा आणि सगळ्यात शेवटी बाहेरची ठसठशीत रेघ. ही शेवटची रेघ एका दमात यावी लागते. हात थांबला तर तिथे रंगाचा थेंब जमतो आणि खाली ओघळतो. उजेड यार्डातल्या दिव्यांचा, आणि कान पहारेकऱ्याच्या पावलांकडे. पंधरा मीटरचं चित्र पूर्ण असं चित्रकाराला पहिल्यांदा दिसायचं ते सकाळी, गाडी उन्नत मार्गावरून धावत गेली की. तेही काही सेकंद.

आणि मग ते धुतलं जायचं. १९७७पासून रेल्वेने रसायनांचे फवारे मारून डबे धुवायला सुरुवात केली होती. रायटर त्याला 'बफ' म्हणत. रसायनाने चित्र पूर्ण जात नसे, पण त्याचा मळकट राडा होई. आज या कामांपैकी एकही डबा कुठल्या संग्रहालयात उभा नाही. उरले ते मार्था कूपर आणि हेन्री चॅलफंट यांनी वर्षानुवर्षं पहाटे उठून, छपरांवर चढून काढलेले फोटो. त्या दोघांचं 'सबवे आर्ट' हे पुस्तक १९८४मध्ये निघालं. बर्लिनपासून साओ पावलोपर्यंतची पुढची पिढी ते पाहून शिकली.

खडू, पोस्टकार्ड आणि गॅलऱ्या

दुसरी लाट आली ती १९८०मध्ये. टाइम्स स्क्वेअरजवळच्या एका बंद पडलेल्या मसाज पार्लरमध्ये तरुण कलावंतांनी जून महिन्यात 'टाइम्स स्क्वेअर शो' भरवला. त्यात रस्त्यावरची पोरं आणि कलाशाळेत शिकलेली पोरं एकाच छताखाली आली. १९८१मध्ये पॅटी ॲस्टर आणि बिल स्टेलिंग यांनी ईस्ट व्हिलेजमध्ये फन गॅलरी उघडली. ली किन्योनेस, लेडी पिंक, फॅब फाइव्ह फ्रेडी, डॉन्डी ही गाड्यांवरची नावं आता कॅनव्हासवर दिसू लागली.

या गर्दीत दोघं वेगळे होते, आणि दोघांनीही गाड्यांवर नाव कमावलेलं नव्हतं. कीथ हेरिंग पेनसिल्व्हेनियाहून कला शिकायला आलेला. स्टेशनांत जाहिरातीची मुदत संपली की त्या जागी काळा कागद चिकटवत. हेरिंगने तो पाहिला, वर जाऊन खडू आणले आणि एका रेषेत रांगणारं बाळ, भुंकणारा कुत्रा, नाचणारी माणसं काढली. १९८० ते १९८५ या काळात त्याने अशी हजारो चित्रं काढली. अनेकदा पोलिसांनी पकडलं, दंड केला. पण शेवटी त्याने हे थांबवलं ते पोलिसांमुळे नव्हे. त्याचं नाव झालं तशी माणसं ती चित्रं भिंतीवरून सोलून विकायला नेऊ लागली. लोकांसाठी फुकट काढलेलं चित्र तासाभरात बाजारात जात होतं.

दुसरा झाँ-मिशेल बास्किआ. ब्रुकलिनचा, वडील हैतीचे, आई पोर्तो रिकन घराण्यातली. १९७८मध्ये त्याने मित्र ॲल डियाझबरोबर 'सेमो' या टोपणनावाने भिंतींवर तिरकस वाक्यं लिहायला सुरुवात केली. त्याने ब्रॉन्क्स निवडलं नाही. सोहोच्या गॅलऱ्यांच्या आसपासच्या भिंती निवडल्या. वाचणारे कोण असावेत, याचा त्याचा अंदाज पक्का होता. तेव्हा तो हाताने बनवलेली पोस्टकार्डं विकून दिवस काढत होता. नामांकित पॉप कलावंत अँडी वॉरहॉलनेही त्यांतली घेतली होती. १९८१च्या शरदात ॲनिना नोसेई यांनी त्याला आपल्या गॅलरीच्या तळघरात काम करायला जागा दिली. चार वर्षांत, फेब्रुवारी १९८५मध्ये, तो 'न्यूयॉर्क टाइम्स मॅगझिन'च्या मुखपृष्ठावर होता. भारी सूट आणि अनवाणी पाय. लेख कलेतल्या नव्या पैशाबद्दल होता.

आणि या दोघांची चित्रं विकणाऱ्यांत कोण होतं? टोनी शाफ्राझी. 'गेर्निका'वर स्प्रे मारणारा माणूस आता सोहोतला गॅलरीवाला होता. हेरिंगने आधी त्याच्याकडे मदतनीस म्हणून काम केलं आणि १९८२मध्ये तिथेच त्याचं गाजलेलं प्रदर्शन झालं. बास्किआ आणि वॉरहॉल यांनी मिळून केलेली चित्रंही १९८५मध्ये शाफ्राझीनेच मांडली. समीक्षकांनी ती झोडपली आणि बास्किआला वॉरहॉलच्या हातचं बाहुलं ठरवलं. ज्या पेपराने फेब्रुवारीत मुखपृष्ठ दिलं, त्याच पेपरात सप्टेंबरमध्ये ही टीका आली.

१९८३

या काळाचा खरा चेहरा पाहायचा तर १९८३ सालचे साडेतीन महिने पुरतात.

१५ सप्टेंबरच्या पहाटे मायकेल स्टुअर्ट या पंचवीस वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाला फर्स्ट ॲव्हेन्यूच्या स्टेशनात पोलिसांनी पकडलं. भिंतीवर लिहीत होता, असा आरोप. रुग्णालयात आणलं तेव्हा तो बेशुद्ध होता. तेरा दिवसांनी, २८ सप्टेंबरला, तो गेला. सहा पोलिसांवर खटला चालला आणि नोव्हेंबर १९८५मध्ये सगळे निर्दोष सुटले. ज्युरीत एकही कृष्णवर्णीय नव्हता.

डिसेंबर १९८३मध्ये ५७व्या रस्त्यावरच्या सिडनी जॅनिस गॅलरीत 'पोस्ट-ग्राफिटी' हे प्रदर्शन उघडलं. जॅनिस म्हणजे मोंद्रियान आणि पोलॉक विकणारं घराणं. तिथे रायटरांच्या कॅनव्हासची विक्री झाली, बास्किआ आणि हेरिंगही त्यात होते. दोन घटनांत अंतर तीन महिन्यांचं. स्टेशनातल्या भिंतीवरची रेघ माणसाचा जीव जाण्याला निमित्त होत होती, आणि तीच रेघ कापडावर उतरली की तिला किमतीची चिठ्ठी लागत होती.

बास्किआ हादरला. स्टुअर्टच्या जागी आपणही असू शकलो असतो, असं तो म्हणत राहिला. हेरिंगच्या स्टुडिओत त्याने थेट भिंतीवर चित्र काढलं: दोन गुलाबी चेहऱ्यांचे पोलीस, हातात दंडुके, मध्ये एक काळी आकृती. वर एकच शब्द, विद्रूपीकरण या अर्थाचा, प्रश्नचिन्हासह. हेरिंगने जागा सोडताना तेवढा भिंतीचा तुकडा कापून घेतला आणि शेवटपर्यंत पलंगाच्या डोक्याशी टांगून ठेवला. ते चित्र विकण्यासाठी काढलेलं नव्हतं. त्या दशकाचा इतका नेमका दस्तऐवज दुसरा सापडणं कठीण.

बाजार उठला

'पोस्ट-ग्राफिटी'नंतर दोन-तीन वर्षांत गॅलऱ्यांचा उत्साह ओसरला. फन गॅलरी १९८५मध्ये बंद पडली. नेदरलँड्समधल्या संग्रहालयांनी रायटरांची कामं मनापासून घेतली, पण न्यूयॉर्कने नवं काहीतरी शोधलं होतं. हेरिंगने १९८६मध्ये लाफायेत रस्त्यावर 'पॉप शॉप' काढून टी-शर्ट आणि बिल्ले विकायला घेतले, तेव्हा कला बाजारात मांडली म्हणून त्याच्यावर टीका झाली. त्याचं म्हणणं सरळ होतं: ज्याला चित्र परवडत नाही, त्यालाही काहीतरी घेता आलं पाहिजे. एका धनिकाला महागडा कॅनव्हास विकला तर ती कला आणि हजार जणांना बिल्ले विकले तर तो धंदा, हा हिशेब त्याला पटत नव्हता. मला वाटतं, त्याचंच बरोबर होतं.

इकडे रेल्वेनेही मेख ओळखली होती. महापौर एड कॉच यांच्या काळात यार्डांना काटेरी तारांचं दुहेरी कुंपण घातलं, मध्ये कुत्रे सोडले, गाड्या पांढऱ्या रंगवल्या. रायटरांना तर नवा कॅनव्हासच मिळाला. १९८४मध्ये रेल्वेचे प्रमुख म्हणून आलेल्या डेव्हिड गन यांनी वेगळा मार्ग धरला. साफ केलेल्या गाडीवर पुन्हा रंग दिसला की ती धुतल्याशिवाय मार्गावर सोडायचीच नाही. काढा हवं तेवढं, कुणी पाहणार नाही. प्रेक्षक काढून घेतल्यावर चित्र काढण्यात अर्थ उरला नाही. १२ मे १९८९ रोजी शेवटची रंगवलेली गाडी सेवेतून काढल्याचं रेल्वेने जाहीर केलं.

तोवर माणसंही जाऊ लागली होती. १२ ऑगस्ट १९८८ रोजी बास्किआ हेरॉइनच्या अतिसेवनाने गेला, वय सत्तावीस. हेरिंग १६ फेब्रुवारी १९९० रोजी एड्सने गेला, वय एकतीस. डॉन्डीही एड्सनेच गेला, १९९८मध्ये. बास्किआने १९८२मध्ये काढलेलं कवटीचं एक चित्र १९८४च्या लिलावात १९ हजार डॉलरला गेलं होतं. १८ मे २०१७ रोजी सदबीज या लिलावगृहात तेच चित्र जपानी उद्योगपती युसाकू माएझावा यांनी ११ कोटी ५ लाख डॉलरला घेतलं. चित्र एका रेघेनेही बदललेलं नव्हतं. १९८४मध्ये ते उत्तम होतं, २०१७मध्येही होतं. बोलीने त्याची किंमत सांगितली, योग्यता नव्हे. बाजाराने डोक्यावर घेतलं म्हणून बास्किआ मोठा झाला नाही, आणि बाजाराने डोक्यावर घेतलं म्हणून तो खोटाही ठरत नाही.

कोर्टात बाक

या गोष्टीचा निकाल लागला तो न्यूयॉर्कच्याच क्वीन्स भागातल्या एका जागेवरून. लाँग आयलंड सिटीतल्या एका जुन्या कारखान्याच्या भिंती मालक जेरी वोल्कॉफ यांनी चित्रांसाठी खुल्या ठेवल्या होत्या. २००२पासून 'मेरेस वन' हा रायटर तिथली व्यवस्था पाहत होता. कुणाला कुठली भिंत द्यायची, कुठलं काम ठेवायचं आणि कुठलं झाकायचं, हे तो कसोशीने ठरवायचा. 'फाइव्ह पॉइंट्झ' नावाने ही जागा जगभर गाजली. मग मालकांनी तिथे गगनचुंबी इमारती बांधायचं ठरवलं. कलावंत कोर्टात गेले. न्यायाधीश फ्रेडरिक ब्लॉक यांनी मनाई नाकारली, पण सविस्तर निकाल यायच्या आतच, १९ नोव्हेंबर २०१३च्या पहाटे, मालकांनी सगळ्या भिंतींवर पांढरा रंग फासला. पुढच्या वर्षी इमारत पाडली.

अमेरिकेत १९९०चा कायदा आहे: मान्यता पावलेली कलाकृती कलावंताच्या इच्छेविरुद्ध नष्ट करता येत नाही, भिंत दुसऱ्याच्या मालकीची असली तरी. प्रश्न हा की मान्यता कुणाची? ही चित्रं कुठल्या लिलावात विकली गेलेली नव्हती. फेब्रुवारी २०१८च्या निकालात ब्लॉक यांनी तज्ज्ञांच्या साक्षींबरोबरच मेरेस वनच्या निवडीलाही वजन दिलं. रायटरांनी रायटरांच्या कामावर दिलेला निकाल न्यायालयात ग्राह्य धरला गेला. ४५ कामांसाठी प्रत्येकी दीड लाख, म्हणजे एकूण ६७ लाख ५० हजार डॉलरची भरपाई २१ कलावंतांना मिळाली. २०२०मध्ये अपील कोर्टानेही निकाल कायम केला.

खरी कला कोणती, हे पोलिसांनी ठरवावं असं काही नाही आणि लिलावाच्या हातोड्याने तर नाहीच. ते आधी ठरतं ते काम जाणणाऱ्यांच्या बाकावर. बाकीचे तिथे उशिरा पोचतात, काही पोचतच नाहीत. क्वीन्समधल्या त्या कारखान्याच्या जागी आता भाड्याच्या घरांचे दोन उंच मनोरे उभे आहेत. मालकांनी त्यांना नाव दिलंय 'फाइव्ह पॉइंट्झ'.